तिसरी प्रत

भीतीचा इतका मनापासून, इतका पद्धतशीर आणि इतका लोकोपयोगी वापर करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. माणसं साधारणपणे विंचवाला भितात, पोलिसांना भितात, बायकोच्या माहेरच्यांना भितात. साडूंना यातल्या कशाचंच काही वाटत नाही. ते भितात डिस्कला. संगणकाच्या पोटात गरागरा फिरणारी ती वीतभर डबी एक दिवस न सांगता थांबेल आणि तिच्यावर लिहिलेलं सगळं घेऊन जाईल, या एका भीतीवर त्यांनी सारी नोकरी काढली. "साडू, डिस्क ही मरणारच," ते मला सांगायचे, "फक्त कधी, तेवढं सांगत नाय." हे ते पुरणपोळीवर तूप वाढून घेता घेता सांगायचे. ऐकणाऱ्याचा घास घशात अडकायचा, त्यांचा मात्र सरळ खाली उतरायचा. मरणाशी त्यांची जुनी ओळख होती, आमची नव्हती.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी; त्यांची थोरली, म्हणजे आमच्या ताई, आणि माझी धाकटी. आम्ही दोघंही एकमेकांना 'साडू' अशीच हाक मारतो. छत्रपती संभाजीनगरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात ते संगणक सांभाळायचे आणि त्यांच्याच शब्दावर मला तिथं नोंदणीच्या खिडकीवर चिकटवण्यात आलं होतं. या हॉस्पिटलात थॅलेसेमियाची मुलं येतात. या मुलांच्या अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी त्यांना बाहेरून रक्त द्यावं लागतं, जन्मभर. कुणी सिल्लोडहून एसटीने येतं, कुणी अजिंठ्याहून, कुणी जालन्याकडून. कुणाला कोणतं रक्त चालतं, मागे कशाने त्रास झाला होता, हे सगळं नोंदींमध्ये असतं. कागदी फायलींना वाळवी लागली तेव्हा साडूंनी उरलेले कागद स्कॅन करून सर्व्हरमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी जिथं साठतात त्या मोठ्या मशीनमध्ये, भरून घेतले आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. तोवर ते नुसते सर्व्हरसाठी भीत होते, आता मुलांसाठी भिऊ लागले.

त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असायची. ती ते लग्नातही उतरवत नसत. तिच्यात केबलच्या टोकाला प्लग बसवायची पक्कड, केबल दोन्ही टोकांना जिवंत आहे का ते हिरवे दिवे लावून सांगणारा टेस्टर, नाना मापांचे स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, टॉर्चचे सेल, त्या सेलचे राखीव सेल आणि मसाल्याचा एक गोल डबा एवढा ऐवज असे. डबा स्वयंपाकघरातलाच, ताईंच्या रुखवतातला. मोहरीच्या वाटीत बारीक स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत नेटवर्कचे प्लग, हळदीच्या वाटीत पेन ड्राइव्ह. प्रत्येक पेन ड्राइव्हला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. लाल दोऱ्याच्या ड्राइव्हने बंद पडलेलं मशीन उठवायचं, निळ्याने त्याची मेमरी तपासायची, पिवळ्याने मरणाऱ्या डिस्कवरचं जेवढं हाती लागेल तेवढं उपसून घ्यायचं. या सगळ्या करामती फुकट मिळतात, जगातली भली माणसं त्या तयार करून वाटतात, याचं त्यांना फार अप्रूप. "बघा साडू, कोण कुठला माणूस, आपल्याला ओळखत नाय पाळखत नाय, अन् आपल्यासाठी हत्यार करून ठेवलंय त्याने," असं म्हणून ते पिवळ्या दोऱ्याचा ड्राइव्ह पुसून पुन्हा हळदीच्या वाटीत ठेवायचे. ताईंनी मात्र हळद अखेर जुन्या बरणीत ठेवली आणि तो विषय सोडून दिला.

पिशवीत एक जाड वहीही असे. कुठला बिघाड झाला की कुठली आज्ञा द्यायची, कुठल्या क्रमाने काय बंद करायचं, हे सगळं त्यांच्या सुवाच्य अक्षरात, हाताने. मी एकदा हसून म्हटलं, "अहो, हे सगळं इंटरनेटवर मिळतं ना?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "इंटरनेट बंद पडल्यावर ते सुरू कसं करायचं, हे इंटरनेटवर बघता येत नाय, साडू." मी चहा घेतला.

आणि लेबलं. त्यांच्याकडे लेबल छापायचं एक हातातलं यंत्र होतं. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरात अशी एक वस्तू नव्हती जिच्यावर पांढरी पट्टी नव्हती. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल, कारण ओढताना माणसाच्या हातात एकच टोक असतं. दिव्यांच्या बटणांवर लेबलं. ताईंच्या लोणच्याच्या बरणीवर घातल्याची तारीख आणि खाली 'तपासलं'. एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला असताना बाथरूमच्या दाराला आतून 'कडी घट्ट बसते, घाबरू नये' असं लेबल दिसलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बाथरूममध्ये घाबरलो. पण एक कबूल केलं पाहिजे. साडूंचं लेबल कधी चुकलं नाही. साखर लिहिलं असेल तर आत साखरच. आमच्याही घरात त्यांनी येता-जाता लेबलं लावून ठेवली होती आणि माझ्या बायकोचा त्या पांढऱ्या पट्टीवर माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता, हे मी कसलीही तक्रार न करता नमूद करतो.

शुक्रवारी ते कुठल्याही मशीनला हात लावत नसत. शुक्रवारी काही बदललं आणि बिघडलं तर शनिवार-रविवार मदतीला कुणी सापडत नाही, हा त्यांच्या धंद्यातला जुना दंडक. पण ताईंच्या माहेरी याचा अर्थ वेगळाच लागला. शुक्रवारी हा माणूस "आज नको, आज शुक्रवार" एवढंच म्हणतो, म्हणजे संतोषीमातेचं व्रत धरलेलं दिसतं, असं सासूबाईंनी ठरवलं. त्या व्रताला आंबट चालत नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी साडूंच्या पानातून चिंच, लिंबू, ताक, कैरी सगळं नाहीसं झालं. साडूंनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी विचारल्यावर म्हणाले, "मला वाटलं, सासूबाईंकडं शुक्रवारी आंबट करतच नाय. चांगली पद्धत हाय."

सर्व्हरच्या तब्येतीचे निरोप त्यांच्या फोनवर येत. खोलीतलं तापमान वाढलं, लाईट गेली, बॅटरी किती उरली, असं प्रत्येकाला वेगळं वाजणं. सिल्लोडला एका भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांचा फोन तीनदा टुणटुणला. साडूंनी मूठभर अक्षता माझ्या हातात ओतल्या, "माझ्याही टाका" म्हणाले आणि मांडवाबाहेर गेले. सर्व्हरच्या खोलीचा एसी कुणीतरी झाडू मारताना बंद केला होता. फोन करून करून तो सुरू करून घेईपर्यंत पंगत उठली होती. परतण्याआधी आम्ही सगळे पुढं अजिंठ्याला गेलो. लेणी पाहून लोक हरखून जातात. साडू पांढरेफटक पडले. चित्रं त्यांनी पाहिलीच नाहीत, भिंतीतली ओल पाहत राहिले. मग गाइडला त्यांनी हळूच विचारलं, "याची दुसरी प्रत कुठंय?" गाइड म्हणाला, "साहेब, याची कशी प्रत असेल? हे एकच." साडू बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. "एकच," ते मला म्हणाले, "इतक्या शतकांचं काम, अन् एकच प्रत. झोप कशी लागत असंल हो या लोकांना?"

कारण त्यांचा नियम तीन प्रतींचा. एक सर्व्हरमध्ये, एक वेगळ्या डिस्कवर त्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटात, आणि तिसरी आणखी कुठं तरी, जिथं पहिल्या दोघींचं संकट पोचणार नाही. दर शनिवारी सकाळी ते दुसऱ्या प्रतीतून कुठल्याही एका मुलाची नोंद बाहेर काढून नीट उघडते का पाहत आणि डिस्कवर तारीख घालून 'तपासलं' असं लेबल चिकटवत. "न उघडता ठेवलेली प्रत म्हणजे प्रत नाय, साडू. ती नुसती श्रद्धा." तिसऱ्या प्रतीची जागा मात्र त्यांना बरीच वर्षं सापडली नाही. मग एकदा सुट्टीत त्यांनी घरच्या प्रिंटरवर प्रत्येक मुलाचं एकेक कार्ड छापलं. नाव, रक्तगट, काय चालतं, काय अजिबात चालत नाही, तपासणी कुठं झाली आणि रिपोर्टचा नंबर काय. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तिसरी प्रत'. प्लॅस्टिकमध्ये बंद करून ती कार्डं त्यांनी आयांच्या हातात दिली. आमच्या तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून चांगलं झापलं. हॉस्पिटलचा शिक्का नाही, सही नाही, संगणकवाल्याने हे उद्योग कशाला करायचे? साडू मान खाली घालून उभे राहिले, हो म्हणाले, आणि पुढच्या मंगळवारी आलेल्या मुलांनाही कार्डं देऊन मोकळे झाले. मीही तेव्हा हसणाऱ्यांत होतो. म्हटलं, आता या माणसाची भीती पार अजिंठ्यापर्यंत घरोघर वाटली गेली.

आता किल्लीचं सांगतो, कारण खरा घोळ तिथंच आहे. घरातली डिस्क चोराच्या हाती लागली तर मुलांच्या नोंदी बाहेर जातील, म्हणून तिला साडूंनी कुलूप घातलं होतं. लोखंडी नव्हे, परवलीच्या शब्दाचं. शब्द कसला, ज्याला ना अर्थ ना यमक अशा चाळीस अक्षरांची ती माळ होती. ती ते पाठ करत नसत. "डोकं ही पण एक डिस्कच," म्हणायचे. किल्लीची एक प्रत सर्व्हरमधल्या यादीत, दर शनिवारी ती तिथूनच घ्यायची, आणि दुसरी बंद पाकिटात माझ्याकडे. इथं तिसरी प्रत का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "किल्लीच्या जितक्या प्रती, तितके चोर." म्हणजे एका भीतीने दुसऱ्या भीतीवर मात केली होती. ही किल्ली बदलायचा मुहूर्त खंडेनवमीचा. त्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा होते, कुणी कोयते मांडतं, कुणी रंधा. साडू पाटावर पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर आणि दोरे बांधलेले पेन ड्राइव्ह मांडत. एका वर्षी हळदीकुंकू आत जाऊन निळ्या दोऱ्याचा ड्राइव्ह गेला, तेव्हापासून फक्त झेंडूचं फूल, तेही वीतभर लांब. पूजा झाली की नवी किल्ली, नवं पाकीट. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आले की सोन्याबरोबर ते पाकीट माझ्या हातात.

त्या वर्षी पाकिटावर लेबल होतं 'जुनी वीजबिलं'. मी विचारलं, हे काय? ते खाली वाकून कानाशी म्हणाले, "किल्ली असं लिवलं तर चोर तेच उचलणार. वीजबिल कोण चोरतंय?" मला त्यांची ही हुशारी फार आवडली. मी पाकीट कपाटात बायकोच्या साड्यांखाली ठेवलं आणि तिला सांगायचं विसरून गेलो. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोन यायचा. "साडू, पाकीट आहे?" मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचो, "आहे." कपाट उघडून पाहावं असं मला एकदाही वाटलं नाही. तो आळस माझा होता, तो मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार. रक्त देण्याचा वार, म्हणून बाकांवर मुलं बसलेली. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरायचं. सोमवारी एक गेली. साडूंनी त्याच दिवशी नवी आणून बसवली. तिच्यावर नक्कल उतरत असताना मंगळवारी सकाळी दुसरीनेही मान टाकली. मी खोलीत गेलो तेव्हा साडू लाल दिव्यासमोर उभे होते. "जुळ्या होत्या," एवढंच म्हणाले. "एकाच दिवशी आणल्या होत्या. एकीमागं एक गेल्या." पिवळ्या दोऱ्याच्या ड्राइव्हनेही काही हाती लागलं नाही, तरी तोवर मला काही वाटलं नाही. घरून ते दुसरी प्रत घेऊन आले, जोडली, आणि पडद्यावर किल्लीसाठी रिकामी चौकट आली. किल्लीची यादी मेलेल्या सर्व्हरमध्ये. साडूंनी माझ्याकडे वळून अगदी शांतपणे सांगितलं, "साडू, पाकीट."

मी निघालो तेव्हा खिडकीसमोरच्या बाकावर सिल्लोडची सानिया आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आठ वर्षांची पोर, ओठ पांढरे झालेले, हाताला धाप लागल्यासारखी ती मुठी उघडत होती आणि मिटत होती. तीन वर्षांपूर्वी तिला रक्त चढवताना जोराची थंडी भरली होती, अंग काळंनिळं पडलं होतं, मरता मरता वाचली होती. तिचा गट जुळला तरी काही रक्त तिला चालत नव्हतं. कुठलं, ते त्या वेळच्या रिपोर्टात होतं, आणि रिपोर्ट सर्व्हरमध्ये. मोठे डॉक्टर निवृत्त झालेले, नव्या मॅडमना येऊन दोन महिने झालेले. त्यांनी मला जाताना थांबवलं. "मी अंदाजाने रक्त लावणार नाही. आणि तिला फार वेळ असंही ठेवता येणार नाही. काय ते लवकर आणा."

घरी पोचून मी कपाट उघडलं. साड्या उचलल्या, पुन्हा उचलल्या, सगळ्या पलंगावर टाकल्या. बायको दारात आली. मी विचारलं, इथलं पाकीट? ती म्हणाली, "ते जुन्या वीजबिलांचं? ते तर दिवाळीच्या सफाईत रद्दीत गेलं." "उघडून नाही पाहिलंस?" माझा आवाज चढला. ती गोंधळली. "उघडायचं कशाला? दाजींचं लेबल होतं की त्यावर. दाजींच्या लेबलावर कधी खोटं असतं का?"

साड्या पलंगावर तशाच टाकून मी निघालो. तीन वेळा, तीन महिन्यांच्या एक तारखेला, मी 'आहे' म्हणालो होतो. परतताना सेव्हन हिल्सच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी मी उभाच होतो, मागचे हॉर्न वाजवत होते. मला साडूंच्या रागाची भीती नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्या पोरीच्या मुठीची भीती वाटत होती. साडू इतकी वर्षं ज्याला भीती म्हणत होते ती ही, हे मला तेव्हा कळलं, आणि हिला आपण हसत होतो हेही.

मी सांगितलं. साडूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग खुर्चीत बसले. "तिला बोलला तर नाय ना?" त्यांनी माझ्या बायकोबद्दल विचारलं. म्हटलं, आवाज चढला होता. "तिची चूक नाय, साडू. तुमचीही नाय. लेबल मी खोटं लिवलं. सगळ्या जन्मात एकच खोटं लिवलं, अन् तेच नेमकं खरं धरलं तिनं." मग ते चौकटीत अक्षरं टाकू लागले. टाकायचे, थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा टाकायचे. दरवेळी पडद्यावर तेच उत्तर, चुकीची किल्ली. आयुष्यभर ज्या बोटांनी तांदळाएवढे स्क्रू उचलले ती बोटं आता बटणावर नीट पडत नव्हती. मॅडम दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. साडू उठले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्याच्यानं उघडत नाय." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही तिघं बाहेर आलो, ते सानियाच्या आईला सांगायला. कसं सांगायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनी सुरुवात केली, नोंदी उघडत नाहीत, आधीचा रिपोर्ट दिसल्याशिवाय रक्त देता येत नाही. ती बाई कधी मॅडमकडे तर कधी साडूंकडे पाहत होती. मग साडूंना म्हणाली, "साहेब, ते तुमचं कारड नाय का चालायचं?"

खरं सांगतो, साडू ते विसरले होते. ज्या माणसाने ती तिसरी प्रत घरोघर पोचवली, भीतीने त्याच्याच डोक्यातून ती पुसली होती. बाईने पिशवीत हात घातला. एका पॉलिथीनमध्ये रेशनकार्ड, त्याच्या घडीत आधार कार्ड आणि त्याच्याही आत ते. "तुम्ही बोलले व्हते ना, घर जळालं तरी हे सांभाळा म्हणून? मी तर हिच्या अब्बाला बी हात लावू देत नाय." प्लॅस्टिकच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. काय अजिबात चालत नाही, ते ठळक छापलेलं. मॅडमनी ते वाचलं, उलटून पाहिलं, शिक्का नाही, सही नाही. पण त्यांचं बोट खालच्या रिपोर्ट नंबरावर थांबलं. त्यांनी जिथं तपासणी झाली होती तिथं फोन लावला, नंबर वाचून दाखवला आणि ऐकत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "बरोबर आहे." योग्य ती पिशवी मिळून, पुन्हा जुळवून सानियाला रक्त लागायला दुपारचे तीन वाजले. पहिला अर्धा तास आम्ही दोघं दाराबाहेर उभे होतो. थंडी भरली नाही. तिने आईकडे बिस्किट मागितलं.

साडू सर्व्हरच्या खोलीत जाऊन मशीनच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काही येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, पिशवीतून लेबलचं यंत्र काढलं, एक पट्टी छापली आणि बाहेर जाऊन सानियाच्या आईकडे कार्ड मागितलं. मागच्या बाजूला त्यांनी ती चिकटवली. त्या दिवसाची तारीख आणि खाली 'तपासलं'. ही एक प्रत तपासायची त्यांची इतके दिवस राहून गेली होती.

पुढचे काही आठवडे गावोगावची माणसं आपापलं कार्ड घेऊन आली आणि मी खिडकीत बसून एकेक नोंद पुन्हा भरली. कुणाचं कार्ड देवघरातल्या फोटोमागे होतं, कुणाचं पिठाच्या डब्यात. एकही हरवलेलं नव्हतं. बाकीचं जुनं सगळं त्या कुलूपबंद डिस्कमध्येच राहिलं. ती साडूंच्या कपाटात आजही आहे. उघडत नाही आणि टाकवत नाही.

त्या सकाळनंतर साडूंचं रक्तदाबाचं दुखणं बळावलं. उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं आणि ताईंना घेऊन नागपूरला मुलीकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी स्टेशनवर त्यांच्या हातात एक कार्ड ठेवलं. मुलांच्या कार्डांसारखंच प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. नाव, रक्तगट, दुखणं, गोळ्या, काय अजिबात चालत नाही, मुलीचा फोन, माझा फोन. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. स्वतःला असं लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग विचारलं, "दुसरी प्रत?" म्हटलं, ताईंच्या पर्समध्ये. "अन् तिसरी?" म्हटलं, माझ्याकडे, कपाटात. गाडी हलली तसे ते दाराशी येऊन म्हणाले, "साडू, लेबल खरं लिवा."

एक तारखेला अजून त्यांचा फोन येतो. "आहे?" एवढंच विचारतात. मी त्यांना थांबायला सांगतो, कपाट उघडतो, साड्यांखालून पाकीट काढतो, कार्ड वाचतो आणि मग 'आहे' म्हणतो. अलीकडे एक तारीख जवळ आली की मला धाकधूक वाटायला लागते, आणि फोन यायला दुपार झाली तर माझं जेवणात लक्ष लागत नाही. बायकोलाही आता ते पाकीट ठाऊक आहे. त्यावर मी हाताने लिहिलं आहे, 'आमचे साडू. टाकू नये.'